अ‍ॅडॉप्टर तापतोय? आधी कुठे तापतोय ते बघा

गेल्या गाळप हंगामात एक ट्रकड्रायव्हरकाका दुकानात आले आणि डॅशबोर्डवरच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घालायच्या तीन पिना काउंटरवर मांडून उभे राहिले. दोन पिना एकाला तीन करणाऱ्या मल्टिसॉकेटच्या, एक छोट्या इन्व्हर्टरची. तिन्हींची टोकं वितळून काळी पडलेली.

"मिस्त्री, कंपनी बदलून बघितली, दुकान बदलून बघितलं. आता काय ट्रक बदलू?"

पिना उलटसुलट करून बघितल्या. मागचं अंग तिन्हींचं नव्यासारखं, वायरही मऊ, कुठे डाग नाही. जळालं होतं ते फक्त टोक. मग दोष पिनांचा कसा असेल? तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच जागी जळतात तेव्हा ती जागाच खराब असते. काकांनी तीन पिनांचे पैसे घालवले, पण सॉकेटकडे कुणी वाकून बघितलं नव्हतं.

सांगली-मिरज भागात ट्रकची वायरिंग करताना हे मी कायम बघतो. अ‍ॅडॉप्टर तापला की माणूस अ‍ॅडॉप्टर बदलतो. प्रत्यक्षात टोक तापलं तर रोग वेगळा, अंग तापलं तर वेगळा, केबल तापली तर आणखी वेगळा. म्हणून पैसे काढायच्या आधी हात लावून बघायचा.

पहिलं काम: तासभर चालवून हात लावा

नेहमीचं सगळं जोडा. मोबाइल, पंखा, जे काय रोज चालतं ते. सांगलीहून आष्ट्यामार्गे पेठ नाका गाठेपर्यंत तास सहज जातो, तेवढं पुरे. गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद करण्याआधी लगेच तपासा, कारण टोकाचा धातू पटकन गार होतो आणि मग अंदाज चुकतो.

आधी हाताची पालथी बाजू जवळ न्या, मग बोट टेकवा. टोकाला नुसतं बोट लावू नका, फडक्यानं पिन ओढा आणि मग अंदाज घ्या. चार जागा बघायच्या: पिनेचं टोक, पिनेचं अंग, केबलची दोन्ही टोकं आणि फ्यूज बॉक्समधला त्या सॉकेटचा फ्यूज. प्लास्टिकच्या अंगावर पाच सेकंद हात आरामात ठेवता आला तर तापमान साधारण ५० अंशांच्या आत आहे. अ‍ॅडॉप्टर कोमट होणारच, त्याची काळजी नको. हात झटकन मागे घ्यावा लागला तर ६० च्या वर समजा, आणि मग पुढचं वाचा.

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची थर्मामीटरची बंदूक काही जण काढतात. ती अंगाच्या तापासाठी आहे. त्यावर पृष्ठभाग मोजायचा वेगळा मोड असेल तरच उपयोग, नाहीतर ४२-४३ अंशांच्या पुढे ती नुसती 'हाय' दाखवत बसते.

२४ व्होल्टची गाडी २४ वर चालत नाही

ही गोष्ट नीट समजली की पुढचं निम्मं काम सोपं होतं. दहाचाकी, बाराचाकी गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. इंजिन बंद असताना भरलेल्या जोडीवर २५.२ ते २५.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू झालं, डायनॅमो चार्ज करायला लागला की तेच २७.५ ते २८.८ होतात. छोटा हत्ती, पिकअप असल्या गाड्या १२ व्होल्टच्या, म्हणजे चालू इंजिनावर १३.८ ते १४.४.

आता अ‍ॅडॉप्टरच्या दृष्टीनं बघा. मोबाइलला लागतात ५ व्होल्ट, फास्ट चार्जिंग असेल तर ९. बाकीचे व्होल्ट अ‍ॅडॉप्टरला खाली उतरवायचे असतात. हे उतरवायच्या दोन तऱ्हा. जुन्या किंवा अगदी फुटपाथी चार्जरमध्ये जास्तीचे व्होल्ट सरळ उष्णता करून जाळले जातात. २८ मधून ५ उतरवताना १ अँपिअरला २३ वॅट जळतात. माझं सोल्डरिंगचं यंत्र २५ वॅटचं आहे. थोडक्यात, असा चार्जर म्हणजे डॅशबोर्डवर ठेवलेलं सोल्डरिंग यंत्रच. हाच चार्जर पिकअपमध्ये ९ वॅट जाळतो आणि कसाबसा टिकतो. म्हणून 'माझ्या मेव्हण्याच्या पिकअपला वर्षभर चालला' हे सर्टिफिकेट ट्रकला लागू पडत नाही.

दुसरी तऱ्हा स्विचिंगची. त्यात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्ट उतरवतात, जळतं ते थोडंच. १८ वॅटचा चांगला चार्जर साधारण २ वॅट गमावतो. तोच हलका असेल आणि ७० टक्केच वीज पुढे देत असेल तर पावणेआठ वॅट त्याच्या अंगात राहतात, आणि अंगठ्याएवढ्या डबीत तेवढी गरमी जाणार कुठे?

यावरून एक ठोकताळा मी स्वतःसाठी बांधला आहे. २४ व्होल्टच्या गाडीत दोष बहुधा अंग तापवून बोलतो. १२ व्होल्टच्या गाडीत बहुधा टोक तापवून. कारण तेवढ्याच कामाला १२ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, आणि ढिल्या जोडावर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट, तर गरमी चौपट. काकांच्या गाडीत उलटं झालं होतं, २४ व्होल्ट असून टोक जळालं होतं. त्यामुळे मला आधीच वाटलं, सॉकेटवर भार भलताच असणार.

टोक तापत असेल तर

पिनेच्या टोकावरचा दट्ट्या स्प्रिंगच्या जोरावर सॉकेटच्या तळाशी टेकतो, तो प्लस. बाजूचे दोन पंख सॉकेटच्या भिंतीला घासतात, तो मायनस. खड्ड्यांत गाडी हादरते, स्प्रिंग थकते, पंख बसतात, आणि धातूला धातू नीट टेकत नाही. त्यात आपल्याकडची धूळ. मार्केट यार्डात हळद भरणाऱ्या गाड्यांची सॉकेटं मी आतून पिवळी झालेली बघितली आहेत. उसाच्या गाड्यांत चिकट काळपट थर बसतो. हा थर वीज अडवतो आणि अडलेली वीज तापते.

काकांच्या गाडीचा हिशेब सांगतो. इन्व्हर्टरवर टेबल फॅन आणि दोन फास्ट चार्जर, मिळून शंभरेक वॅट. इन्व्हर्टरची स्वतःची गळती धरून सॉकेटमधून साडेचार अँपिअर जात होते. जोडाचा रोध अर्धा ओहमही नको, ०.४ धरा. साडेचारचा वर्ग सव्वावीस, गुणिले ०.४, म्हणजे ८ वॅट. सोल्डरिंग यंत्राचा तिसरा हिस्सा, तोही वाटाण्याएवढ्या टोकावर. मग प्लास्टिक वितळणार नाही तर काय?

दुरुस्ती अशी करा. इग्निशन बंद करा आणि त्या सॉकेटचा फ्यूज काढून खिशात ठेवा. हे टाळू नका, कारण बऱ्याच गाड्यांत सॉकेटला चावी काढल्यावरही सप्लाय असतो. चालू सॉकेटमध्ये स्क्रूड्रायव्हर घातला, तळाला एक बाजू आणि भिंतीला दुसरी लागली, की ठिणगी उडालीच. फ्यूज काढल्यावर टॉर्च मारून आत बघा. तळाची पत्री काळी, निळसर किंवा वाकडी आहे का? भिंतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय का? नुसती घाण असेल तर काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून तळ घासा, कोरड्या ब्रशनं धूळ काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पाच मिनिटं वाळू द्या. डिझेलचा बोळा नको, तेल राहतं आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. पिनेचे पंख नखानं हलकेच बाहेर ओढा, म्हणजे घट्ट बसतील.

पत्रीचा ताण गेला असेल, प्लास्टिकचा रंग बदलला असेल, तर घासत बसू नका. सॉकेट नवं बसवा. एकदा तापून मऊ पडलेल्या पत्रीला पुन्हा पहिल्यासारखा जोर येत नाही. नवं सॉकेट बसवताना मागच्या वायरी थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबून लावा. नुसती पिळून टेप मारलेली वायर कोयनेच्या बाजूच्या एका पावसाळ्यात हिरवी पडते आणि पुढचा तापट जोड तिथेच तयार होतो. मधला प्लस, बाहेरचा मायनस, हेही मीटरनं खात्री करून घ्या. बाहेरून बसवलेल्या सॉकेटमध्ये उलटी जोडणी मी दोनदा पकडली आहे.

अंग तापत असेल तर

अंग तापतंय आणि टोक बरं आहे, तर पहिलं काम, अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करून वाचा, लाजू नका, मीही तसंच वाचतो. 'इनपुट'च्या पुढे फक्त १२ व्होल्ट असेल तर तो ट्रकसाठी नाही, विषय संपला. १२-२४ असेल तरी पूर्ण खूश होऊ नका. आपण वर बघितलं की गाडी २८.८ पर्यंत जाते. चांगल्या मालावर ३० किंवा ३२ व्होल्टपर्यंत असं लिहिलेलं असतं. हलक्या मालात आतला कपॅसिटर २५ व्होल्टचा असतो. तो काही दिवस सोसतो, मग फुगतो, चार्जर शिट्टीसारखा बारीक आवाज करायला लागतो आणि अंग चटके देतं.

दुसरी खूण: मोबाइल चार्जिंगला लागतो, दोन-चार मिनिटांनी सुटतो, थोड्या वेळानं आपोआप पुन्हा लागतो. केबल हलवली नाही तरी असं होत असेल तर आतली चिप तापून स्वतःला बंद करते आणि गार झाली की परत सुरू होते. बरेच जण अशा वेळी केबलवर संशय घेतात. केबल बदलून फरक पडला नाही तर चार्जरच गेला समजा.

तिसरं कारण भार. एका अ‍ॅडॉप्टरवर दोन-तीन पोर्ट असतात, पण सगळ्यांना मिळून मर्यादा एकच असते. मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट एका पोर्टचे की सगळ्यांचे, ते पाठीवर शोधा. एक पोर्ट रिकामा ठेवून तासभर चालवून बघा. अंग गार पडलं तर उत्तर मिळालं.

फुगलेला, वास येणारा, तपकिरी डाग पडलेला अ‍ॅडॉप्टर उघडून दुरुस्त करू नका, आणि 'क्लीनरला होईल' म्हणून बाजूलाही ठेवू नका. त्याची वायर कापून टाका, म्हणजे कुणी उचलून पुन्हा लावणार नाही.

केबल आणि मोबाइल

केबलचं मोबाइलकडचं टोक तापत असेल तर मोबाइलच्या पोर्टात कापसासारखी खिशातली घाण आहे का बघा. मोबाइल बंद करून लाकडी टूथपिकनं काढा, टाचणीनं नाही. केबलची मधली लांबी कोमट लागली तर तार बारीक आहे, केबल बदला. आणि मोबाइलच तापत असेल, काचेला चिकटवलेला, वर ऊन, आत नकाशा आणि हॉटस्पॉट दोन्ही चालू, तर चार्जरला दोष देऊ नका. मोबाइल तापला की तो स्वतःच चार्जिंग कमी करतो.

फ्यूज, वायर आणि अर्थ

इथे मीटर लागतो. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर गाडीत ठेवा, ट्रकमालकांना मी हे हात जोडून सांगतो. डीसीच्या २०० च्या रेंजवर ठेवा. २० च्या रेंजवर ठेवला तर ट्रकच्या बॅटरीवर तो नुसता १ दाखवेल आणि मीटर बिघडला असं वाटेल.

इंजिन चालू, भार जोडलेला. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. मग सॉकेटच्या मागे, वायर जिथे जोडली आहे तिथे. बॅटरीवर २७.९ आणि सॉकेटच्या मागे २७.६ आले तर वायर चांगली आहे. २६ आले तर पावणेदोन-दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी जळताहेत. स्विचिंगच्या अ‍ॅडॉप्टरला तर व्होल्ट कमी मिळाले की तो तेवढंच काम करायला करंट वाढवून घेतो, म्हणजे आजारी जोड आणखी तापतो.

कुठे जळताहेत ते शोधायला मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सॉकेटच्या प्लसवर धरा. दिसेल ती प्लसच्या बाजूची गळती. मग मायनस ते मायनस तसंच करा. माझा अनुभव सांगतो की निम्म्याहून जास्त वेळा चोर मायनसच्या बाजूला सापडतो. ट्रकची केबिन उचलायची असते, तिला चॅसीशी जोडणारी विणलेली अर्थपट्टी असते. ती गंजते, तुटते, किंवा रंगकाम करताना रंगारी तिच्यावरूनच ब्रश फिरवतो. मग बिचारा करंट दुसऱ्या लोखंडी वाटा शोधत फिरतो. पट्टीचे दोन्ही बोल्ट काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. दहा मिनिटांचं काम, आणि यानं कधीकधी मिणमिणता हेडलाइटही सुधारतो.

फ्यूज तापत असेल तर त्याचे पाय ज्या चिमट्यात बसतात ते ढिले झालेत. त्यात मोठा फ्यूज घालणं हा उपाय नाही. सॉकेटला कारखान्यानं १० किंवा १५ अँपिअरचा दिला असेल तर तोच ठेवायचा. फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरवलेला असतो. तिथे ३० चा घातला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की फ्यूजच्या जागी डॅशबोर्डच्या आतली वायर पेटते, आणि ती दिसत नाही.

आणखी एक. देवाच्या फोटोभोवतीची लाइटची माळ, काचेवरचं नाव, मागचा निळा बल्ब, हे सगळं बहुतेक वेळा लायटरच्याच वायरला चिमटा मारून जोडलेलं असतं. माळेला माझा विरोध नाही, माझ्या दुकानातही आहे. पण तिला तिचा छोटा फ्यूज आणि तिची वेगळी वायर द्या.

इन्व्हर्टर लायटरवर लावू नका

३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर २४ व्होल्टच्या गाडीतून १४-१५ अँपिअर ओढतो. लायटरची पिन एवढ्यासाठी बनवलेलीच नाही. सलग चालवायचं तर लायटर सॉकेटवर ५ अँपिअरच्या पुढे जाऊ नये असं मी धरतो, सॉकेटवर काहीही लिहिलेलं असलं तरी. इन्व्हर्टरला बॅटरीवरून थेट वेगळी लाइन ओढा. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीपासून फूटभराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, पत्र्यातून जाताना रबरी बुश. लांबी पाच मीटरच्या पुढे जात असेल तर ६ चौरस मिलिमीटर घ्या. फ्यूज बॅटरीजवळच का? कारण वायर वाटेत कुठे घासून चॅसीला टेकली तर इन्व्हर्टरकडच्या टोकाला बसवलेला फ्यूज तिला वाचवू शकत नाही.

घेताना इनपुट २४ व्होल्टचा आहे ना, दोनदा बघा. १२ चा इन्व्हर्टर २४ वर लावल्यावर फट्ट आवाज येतो आणि दुकानदार परत घेत नाही.

स्वस्त इन्व्हर्टर घरासारखी गुळगुळीत लाट देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. त्यावर टेबल फॅन गुणगुणतो आणि तापतो, जुन्या धाटणीचे जड ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॉप्टरही तापतात. लॅपटॉपसाठी तर इन्व्हर्टरच टाळा. २४ चे २३० करायचे आणि २३० चे पुन्हा १९ करायचे, हा दोनदा तोटा कशाला? ३० व्होल्टपर्यंत चालणारा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर ट्रकमध्ये अडीच अँपिअरच्या आसपास घेतो, सॉकेट चांगलं असेल तर निवांत चालतो. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणारा हवा, एवढीच अट. केबिनच्या पंख्यासाठी २४ व्होल्टचा डीसी पंखा मिळतो, तो घ्या.

एका बॅटरीवरून काढलेले १२ व्होल्ट

याचा अ‍ॅडॉप्टर तापण्याशी थेट संबंध नाही असं वाटेल, पण आहे. टेप, जुना चार्जर, एखादा १२ व्होल्टचा पंखा चालवायला अनेक जण दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर काढतात. फुकटात १२ व्होल्ट मिळतात आणि सगळं गारही चालतं. पण डायनॅमो दोन्ही बॅटऱ्यांना एकाच करंटनं भरतो. खालच्या, म्हणजे मायनस चॅसीला जोडलेल्या बॅटरीतून रोज थोडं जास्त जातं, ती कधीच पूर्ण भरत नाही. वरची भरूनही चार्ज होत राहते, तिचं पाणी उडतं. काही महिन्यांनी एक बॅटरी मरते आणि मालक बॅटरी कंपनीला शिव्या घालतो.

तुमच्याकडे असं आहे का ते मीटरनं कळतं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोघींत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर मधल्या जोडावर कोण बसलंय ते शोधा. आणि अशी एक बॅटरी ढेपाळली की चालू गाडीत व्होल्टेज दोघींत असमान वाटलं जातं, मधल्या जोडावरच्या १२ च्या चार्जरला कमीजास्त मिळतं आणि तो तापतो.

सरळ मार्ग म्हणजे २४ चे १२ करणारा रिड्युसर. तोही स्विचिंगचाच घ्या. जाळून उतरवणारा रिड्युसर अर्धी वीज उष्णतेत घालवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला हा डबा सीटखालच्या गोधडीत ठेवू नका. पत्र्याला स्क्रूनं आवळा, पट्ट्या उभ्या ठेवा, म्हणजे गरम हवा वर जाते.

कटआउट बिघडला तर सगळंच तापतं

एकामागून एक चार्जर, बल्ब, टेप जात असतील तर इंजिन थोडं रेसवर ठेवून बॅटरीवर मोजा. २९.५ च्या वर आकडा गेला तर डायनॅमोचा कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, सोडून देतोय. बॅटरीचं पाणी वारंवार कमी होणं ही त्याचीच दुसरी खूण. तो दुरुस्त होईपर्यंत नवा अ‍ॅडॉप्टर लावू नका.

डायनॅमोचा डायोड, म्हणजे एसीची डीसी करणारा भाग, गेला तर डीसीवर थोडी एसी चढते, ती अ‍ॅडॉप्टरच्या कपॅसिटरला खाते. मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरी मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायनॅमो खोलायला द्या. पण आधी हीच चाचणी बंद इंजिनावर, तारा अदलाबदल करूनही करा. तिथे मीटर पन्नासच्या आसपास आकडा दाखवत असेल तर हा मीटर एसी-डीसीतला फरक ओळखत नाही, त्याच्या भरवशावर डायनॅमो उघडू नका. मी एकदा उघडला आहे.

बॅटरीचे टर्मिनल हातानं हलताहेत का तेही बघा. चालू इंजिनात टर्मिनल क्षणभर जरी सुटलं तरी डायनॅमोचा सगळा जोर लाइनवर येतो आणि नाजूक सर्किटं त्या एका झटक्यात जातात. वेल्डिंग करायचं असेल तर चार्जर, टेप, जीपीएस सगळं काढून बॅटरीच्या तारा सोडवल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका.

ऊन आणि इंजिनाची ऊब

जत, आटपाडीकडे एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश असतात. बंद केबिनमध्ये काचेखालचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी वर जातो. अशा जागी पडलेल्या अ‍ॅडॉप्टरला स्वतःची गरमी बाहेर टाकायला वावच राहत नाही. २०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, त्यानं फरक पडेल, पण काचेतून येणारं ऊन एसी अडवत नाही. जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनावरचं बॉनेट असतं. त्यावर पसरलेली सतरंजी आणि सतरंजीवर चार्जर, हे दृश्य मी रोज बघतो. खालून इंजिन भाजतंय, सतरंजी हवा लागू देत नाही. अ‍ॅडॉप्टर वाऱ्याला ठेवा, दुसरं काही करावं लागत नाही.

आणि झोपताना पिना काढा. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र जाते, मोबाइल उशाखाली, चार्जर गोधडीत, असं झोपू नका.

धूर दिसलाच तर तापलेली पिन उघड्या हातानं ओढायला जाऊ नका. आधी सप्लाय तोडा. बॅटरीचा मेन कटऑफ असेल तर तो, नसेल तर फ्यूज. मग जाड फडक्यानं पिन काढा. ज्वाळा असेल तर पावडरचा अग्निशामक. तो सीटमागे सामानाखाली गाडलेला नको, दार उघडून खालून हात पोचेल असा हवा.

काकांच्या गाडीचं शेवटी एवढंच केलं. सॉकेट बदललं, अर्थपट्टी घासून आवळली, इन्व्हर्टरला बॅटरीवरून वेगळी लाइन आणि फ्यूज दिला. टेबल फॅन घरी पाठवला, २४ चा डीसी पंखा बसवला. मीटर त्यांनी माझ्याकडूनच नेला. पंधरा दिवसांनी फोन आला, सॉकेट गार आहे म्हणाले, पण आता क्लीनर दिवसातून चार वेळा बॅटरी मोजतो आणि एक दशांश इकडेतिकडे झाला की त्यांना झोपेतून उठवतो.